खोका इथे, विंडोज तिकडे

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट मिळणं बंद झालं. विंडोज ११ टाकावं म्हटलं, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रं एका तारखेत बाद झाली. मूल-सिंदेवाहीकडची राइस मिल, ब्रह्मपुरीतली पतसंस्था, घुग्घूसचा कोळसा वाहतूकदार, वडसा-आरमोरीतला कर सल्लागार अशांच्या टेबलांवर दोन-चार जीबी रॅमचे डेस्कटॉप अजून रोज सकाळी सुरू होतात. त्यांना झालेलं काहीच नाही. पण टॅली, संस्थेचं खात्यांचं सॉफ्टवेअर, मराठी टायपिंगचं जुनं आयएसएम किंवा श्री-लिपी ही सगळी मंडळी विंडोजला धरून बसलेली. त्यामुळे ‘लिनक्स टाका’ असं कुणी सुचवलं की समोरचा माणूस हसतो आणि चहा सांगतो.

तो सल्ला अर्धा बरोबर असतो. टेबलावरच्या खोक्यात लिनक्स टाकायचं आणि विंडोज मात्र एकाच दणकट सर्व्हरवर ठेवायचं. दहा जण आपापल्या खोक्यावरून त्या एका सर्व्हरवर लॉगिन करतात. प्रत्येकाला स्वतःचा डेस्कटॉप, स्वतःच्या फाइली, स्वतःची टॅली दिसते. काम सगळं सर्व्हर करतो. टेबलावरचा खोका कळा आणि माउसच्या हालचाली तिकडे पाठवतो, तिकडून आलेलं चित्र पडद्यावर लावतो, आणि जवळच्या प्रिंटरची वगैरे ओळख सर्व्हरला करून देतो. अशा खोक्याला थिन क्लायंट म्हणतात.

कल्पना नवी नाही. सिट्रिक्स या कंपनीनं १९९५ मध्ये विनफ्रेम काढून एका विंडोजवर अनेकांना बसवलं. तेच तंत्र परवान्यानं घेऊन मायक्रोसॉफ्टनं १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० ची टर्मिनल सर्व्हर आवृत्ती आणली आणि तिच्याबरोबर आरडीपी, म्हणजे रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल आला. लिनक्सवरून ही भाषा बोलता यावी म्हणून मॅथ्यू चॅपमन यांनी आरडेस्कटॉप हा प्रोग्रॅम लिहिला. त्याला २००९ मध्ये फ्रीआरडीपी नावाची फांदी फुटली, आणि आज लिनक्सवाले बहुतेक तीच वापरतात. रेमिना हा नेहमीचा, बटणांचा प्रोग्रॅमही आतून फ्रीआरडीपीच चालवतो.

आता पडद्यावरचं चित्र इकडे येतं कसं, ते नीट बघू, कारण पुढच्या सगळ्या तक्रारी तिथूनच निघतात. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला तीन बाइट धरले तर एका चित्राचे सुमारे ६२ लाख बाइट होतात. सेकंदाला अशी ३० चित्रं जशीच्या तशी पाठवायची, तर जवळजवळ १,५०० एमबीपीएसची लाइन हवी. ती गडचिरोलीत सोडा, मुंबईतही कुणी एका कारकुनाला देणार नाही. आरडीपी म्हणून दोन युक्त्या करतो. पहिली, बदललं तेवढंच पाठवतो. टॅलीत तुम्ही एक आकडा टाकला, तर त्या आकड्याभोवतीचा छोटा चौकोन येतो, बाकी पडदा जुनाच राहतो. दुसरी युक्ती जुन्या आवृत्त्यांत फार होती: चित्राऐवजी चित्र काढायची आज्ञाच पाठवायची. ‘अमुक जागी निळा चौकोन’, ‘तमुक जागी मघाचंच अक्षर पुन्हा’. रेडिओवरच्या क्रिकेट कॉमेंट्रीत मैदान पाठवत नाहीत, काय घडलं तेवढं सांगतात, तसं. आजच्या आवृत्त्या चित्राचे तुकडे दाबून पाठवण्यावर भर देतात आणि हलत्या चित्राला एच.२६४ हे व्हिडिओचं तंत्र लावतात.

म्हणून व्हाउचर भरणं, पत्र टाइप करणं, खातं उघडून बघणं ही कामं अगदी बारीक लाइनवर चालतात, आणि यूट्यूब लावलं की सगळं अडखळतं. लांबलचक एक्सेल भराभर सरकवणं त्या दोहोंच्या मध्ये बसतं. साध्या कार्यालयीन कामाला माणशी दीड एमबीपीएस धरा, असा मायक्रोसॉफ्टचा अंदाज आहे. प्रत्यक्षात टायपिंगपुरतं त्याहून पुष्कळ कमी लागतं.

एक गंमत सांगण्यासारखी आहे. माउसचा बाण सर्व्हर काढत नाही. तो बाणाचा आकार तेवढा एकदा कळवतो आणि बाण हलवायचं काम टेबलावरचा खोका स्वतः करतो. त्यामुळे लाइन कितीही खराब असली तरी बाण लोण्यासारखा फिरतो. क्लिक केल्यावर मात्र मेनू उघडायला वेळ लागतो. कारकुनाला वाटतं माउस बिघडला, दुकानदाराला वाटतं सर्व्हर हळू आहे. दोघंही चुकतात. वेळ खाते ती वाट.

वाटेचं गणितही करून बघावं. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. चंद्रपूरहून नागपूर दीडशे किलोमीटर; जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. पुण्यात, जिथे मायक्रोसॉफ्टच्या क्लाऊडचं मध्य भारताचं केंद्र आहे, तिथलंही अंतर तारेपुरतं फारसं जड नाही. वेळ जातो तो मधल्या राउटरांत, मोबाईल टॉवरच्या रांगेत आणि इंटरनेट देणाऱ्या कंपनीनं ट्रॅफिक कुठून कुठे फिरवलं यात. उपग्रहाची गोष्ट वेगळी. भूस्थिर उपग्रह ३५,७८६ किलोमीटर उंचावर असतो. तुमची कळ वर जाते, खाली उतरते, उत्तर पुन्हा वर जातं आणि खाली येतं. चार फेऱ्यांना रेडिओ लहरींनाही जवळजवळ अर्धा सेकंद लागतो, आणि तो कुठलाही इंजिनीअर कमी करू शकत नाही. दाबलेली कळ हरवत नाही, पण अक्षर दिसेपर्यंत पुढची दोन दाबून झालेली असतात. दहा मिनिटांत माणूस वैतागतो.

अशा जोडणीचा मोठा फायदा मात्र फारसा कुणी सांगत नाही. तुमचं काम ज्या सेशनमध्ये चालू आहे, ते सेशन सर्व्हरवर जिवंत असतं. इकडे लाइन गेली, खोका बंद पडला, मोबाईलचं नेट तुटलं, तरी अर्धवट भरलेलं व्हाउचर तिकडे तसंच उघडं राहतं. पुन्हा लॉगिन केलं की कर्सर त्याच रकान्यात लुकलुकत असतो. शेजारच्या टेबलावरून लॉगिन केलं तरी तेच. वादळी पावसात झाड तारांवर पडून तालुक्याची वीज जाणं ज्यांना नवं नाही, त्यांनी ही सोय हिशेबात धरावी. ‘तुटलेलं सेशन इतक्या वेळानं संपवा’ ही सर्व्हरवरची वेळ-मर्यादा तेवढी पाच मिनिटांवर ठेवू नका, निदान काही तासांची ठेवा.

उन्हाळा आणि धूळ यांचाही मुद्दा आहे. चंद्रपूरचा पारा मे महिन्यात ४६-४७ अंशांवर जातो आणि कोळसापट्ट्यात पंख्याच्या पात्यांवर काळा थर बसायला वेळ लागत नाही. दहा डेस्कटॉप म्हणजे दहा हार्ड डिस्क, दहा पंखे, दहा पॉवर सप्लाय. थिन क्लायंट केल्यावर जपायची एकच खोली उरते, सर्व्हरची. एसी, मोठा इन्व्हर्टर आणि बॅकअप तिथे. टेबलावरचा जुना खोका मेला, तर त्या जागी बिनपंख्याची १०-१५ वॉटची पेटी आणता येते. जुना आहे तोवर वीज तो पूर्वीएवढीच खाणार, यात बचत शोधू नये.

खोक्यावर काय टाकायचं? डेबियन आणि त्यावर एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखा हलका डेस्कटॉप पुरतो. दोन जीबी रॅममध्ये सगळं आरामात बसतं. यंत्र फारच म्हातारं, ३२ बिटचं असेल, तर ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नं तसं इन्स्टॉलर देणं थांबवलंय हे लक्षात ठेवा. कोअर टू ड्युओपासूनची यंत्रं ६४ बिटचीच आहेत, त्यांना अडचण नाही. मग एक साधा वापरकर्ता बनवायचा, जो यंत्र सुरू होताच आपोआप लॉगिन होईल, आणि लॉगिन होताच फ्रीआरडीपी पूर्ण पडदाभर उघडेल, अशी व्यवस्था करायची. सेशन संपलं की पुन्हा तोच नाव-पासवर्ड विचारणारा पडदा. कर्मचाऱ्याला लिनक्स दिसतच नाही आणि दिसायची गरजही नाही.

पुढची पायरी बरेच जण गाळतात, ती गाळू नये. डिस्क वाचण्यापुरती ठेवायची आणि लिहायचं ते सगळं रॅममध्ये पडेल असं करायचं. उबंटू-डेबियनमध्ये ओव्हरलेरूट नावाचं पॅकेज हे करतं. मग भर दुपारी वीज गेली तरी फाइल सिस्टिम बिघडण्याचा प्रश्न राहत नाही. यंत्र दर वेळी नव्यासारखं उठतं. ज्यांच्याकडे पंधरा-वीस खोके आहेत त्यांनी एलटीएसपी बघावं. जिम मॅकक्विलन यांनी १९९९ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प खोके थेट नेटवर्कवरून सुरू करतो, डिस्क काढून टाकली तरी चालते. चार खोक्यांसाठी मात्र तो खटाटोप करू नका.

कनेक्शनच्या सेटिंगमध्ये वॉलपेपर, ॲनिमेशन, खिडकी ओढताना आतला मजकूर दाखवणं हे बंद करा. जुन्या प्रोसेसरवर एच.२६४ ही बंद ठेवा, कारण ते उलगडायला त्याला धाप लागते. फॉन्ट स्मूदिंग बंद करा असाही सल्ला सापडेल, तो ऐकू नका. इंग्रजी अक्षरं त्याशिवाय चालून जातात; देवनागरीत मात्र वेलांट्या आणि रफार एकमेकांत मिसळतात, आणि दिवसभर नावं तपासणाऱ्याचे डोळे दुखतात.

मराठी टायपिंगची खुबी एकदा कळली की सोपी आहे. आरडीपी बहुतेक वेळा अक्षर पाठवत नाही, कुठली कळ दाबली तिचा क्रमांक पाठवतो. त्या कळेचं ‘क’ करायचं की ‘के’, हे सर्व्हर ठरवतो. तेव्हा मराठी की-बोर्ड, इनस्क्रिप्ट असो की जुनं रेमिंग्टन वळण, फक्त सर्व्हरच्या विंडोजमध्ये चालू करायचं. लिनक्सच्या बाजूला साधा अमेरिकन इंग्रजी की-बोर्ड ठेवायचा, दुसरं काही नको. दोन्हीकडे मराठी लावली की कळांचा काला होतो, आणि दोष ‘लिनक्सला मराठी येत नाही’ असा भलत्यावर जातो. फॉन्टचंही तेच. श्री-लिपी, कृतिदेव, सगळं सर्व्हरवर एकदाच टाकायचं. खोक्याला फॉन्टशी देणंघेणं नाही, त्याच्याकडे तयार चित्र येतं. दहा यंत्रांवर दहा वेळा फॉन्ट टाकणाऱ्याला याचं मोल कळेल. जुन्या सॉफ्टवेअरला सर्व्हरवर परवाना किंवा डोंगल लागतं का, तेवढं आधी विचारून घ्या.

दोन-तीन कळांचा सराव लागतो. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट लिनक्सच पकडतं, म्हणून सर्व्हरसाठी कंट्रोल-ऑल्ट-एंड. फ्रीआरडीपीत पूर्ण पडद्यातून बाहेर यायला कंट्रोल-ऑल्ट-एंटर.

प्रिंटरला डोकं शांत ठेवून बसावं लागतं. खोक्याला जोडलेला लेझर प्रिंटर आधी लिनक्सच्या कप्स या छपाईच्या व्यवस्थेत नीट छापतोय ना ते बघायचं, मग तो आरडीपीतून सर्व्हरला दाखवायचा. सर्व्हर त्याला पोस्टस्क्रिप्टसारख्या सर्वसाधारण ड्रायव्हरनं छापतो आणि पुढचं भाषांतर कप्स करतं. प्रिंटरला स्वतःची नेटवर्क केबल असेल तर याहून सोपं: सर्व्हरनंच थेट त्याच्याकडे पाठवावं. पासबुकाचे आणि कच्च्या पावत्यांचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मात्र हट्टी. त्यांना अक्षरं थेट हवी असतात, चित्र पाठवलं की ओळ ओळ घासत बसतात. तिथे प्रत्यक्ष पासबुक लावून चाचणी घेतल्याशिवाय कुणाच्या शब्दावर जाऊ नये.

डिजिटल सहीचं टोकन हा दुसरा अडसर, आणि टेंडर किंवा जीएसटी भरणाऱ्याला तो पहिल्याच दिवशी भेटतो. टोकन सर्व्हरच्या यूएसबीला लावून ठेवलं तर रिमोट सेशनला ते दिसत नाही. विंडोज मुद्दामच तसं करतं. टोकन आपल्या टेबलावरच्या खोक्याला लावायचं, लिनक्सवर स्मार्ट कार्डची पीसीएससी सेवा चालू ठेवायची, आरडीपीत स्मार्ट कार्ड पुढे पाठवायचं, आणि टोकनचा ड्रायव्हर सर्व्हरच्या विंडोजमध्ये टाकायचा. आधारच्या बोटाच्या ठशाची यंत्रं या मार्गानं नेण्याच्या फंदात पडू नका. सेतू केंद्राचं काम करणाऱ्यांनी त्यासाठी एक खरं विंडोज यंत्र वेगळं ठेवावं.

परवान्याचा भाग कंटाळवाणा आहे, पण पैसे तिथेच जातात. लिनक्स आणि फ्रीआरडीपी फुकट. सर्व्हर फुकट नाही. विंडोज सर्व्हरचा परवाना, वापरणाऱ्यांचे कॅल (क्लायंट ॲक्सेस लायसन्स), आणि रिमोट डेस्कटॉपचे वेगळे कॅल असे तीन थर आहेत. तिसरा घेतला नाही तर १२० दिवस सगळं छान चालतं आणि मग एका सकाळी कुणालाच आत घेत नाही. हे कॅल माणसागणिक किंवा यंत्रागणिक मिळतात. माणसागणिकचे सोयीचे, पण त्यांना विंडोजचं डोमेन (सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणारी सोय) लागतं. छोट्या संस्थेत डोमेन नसतं. तिथे ते लावले तर २०१९ पासूनचे सर्व्हर तासाभरानं सेशन तोडतात. मग उरले यंत्रागणिकचे, आणि ते खोक्यात साठवले जातात. आठवा, आपण डिस्क वाचण्यापुरती केली आहे. म्हणजे खोका रोज आपला परवाना विसरणार आणि सर्व्हरकडे नवा मागणार. फ्रीआरडीपीचा परवाने ठेवायचा फोल्डर तेवढा कायम लिहिता येईल असा ठेवावा लागतो. हे कोटेशनमध्ये कुणी लिहून देत नाही.

यावर उपाय म्हणून विंडोज १० किंवा ११ प्रोवरच पॅच मारून पाच-सहा जणांना घुसवण्याची पद्धत आहे. परवान्यात एका वेळी एकालाच मुभा असते, हे झालं कायद्याचं. व्यवहाराचं असं की एखाद्या अपडेटनं पॅच उडतो आणि मार्चएंडलाच उडतो.

सुरक्षेचा नियम एकच, पण मोडू नये असा. आरडीपीचं ३३८९ हे पोर्ट इंटरनेटवर उघडं ठेवायचं नाही. २०१९ मध्ये ब्लूकीप नावाचं भगदाड सापडलं तेव्हा उघड्या पोर्टमागचे जुने सर्व्हर पासवर्डशिवाय ताब्यात घेता येत होते. ते बुजलं, तरी पासवर्ड ओळखायचे स्वयंचलित प्रयत्न रात्रंदिवस चालू असतात, आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्यांचा हा आवडता दरवाजा आहे. पोर्टचा क्रमांक बदलल्यानं ते थांबत नाहीत. शाखा आणि सर्व्हर यांच्यात व्हीपीएन टाका. वायरगार्ड हे व्हीपीएन २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे, तेव्हा खोक्यावर त्याला वेगळी जागाही लागत नाही.

आता खरा निर्णय: सर्व्हर कुठे ठेवायचा? समजा, मुख्य कार्यालय ब्रह्मपुरीला आणि शाखा नागभीड, सिंदेवाही, वडसा, आरमोरीला. माझं मत, सर्व्हर ब्रह्मपुरीतच ठेवावा. जिथे सर्वांत जास्त माणसं बसतात तिथे तो साध्या नेटवर्क केबलवर असला, तर इंटरनेट गेलं तरी निम्म्याहून जास्त काम चालू राहतं. दहा जणांच्या ऑफिसकामाला ३२ जीबी रॅम आणि दोन एसएसडी एकमेकींची नक्कल ठेवतील अशी मांडणी पुरेशी आहे. बॅकअप मात्र त्या इमारतीबाहेर हवाच, कारण आता सगळं एका खोलीत आलंय. शाखांसाठी ब्रह्मपुरीच्या लाइनचा अपलोड वेग बघा, डाउनलोड नव्हे. चित्र सर्व्हरकडून शाखेकडे वाहतं. शाखांत आठ जण असतील तर बारा एमबीपीएस बाहेर जायला हवेत. फायबर असलेल्याला ते जड नाही, मोबाईल नेटवर असलेल्याला आहे. शाखेत फायबरच्या जोडीला दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. फायबर तुटलं की सिमवर यायचं, सेशन तिकडे थांबलेलंच असतं.

मुंबई-पुण्याच्या डेटा सेंटरमधला भाड्याचा सर्व्हर त्यांनाच सोयीचा, ज्यांच्या शाखा अनेक आहेत आणि मुख्य कार्यालयात फारशी माणसं बसत नाहीत.

आणि एटापल्ली, सिरोंचा, भामरागडकडे? गडचिरोली जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून जास्त भाग जंगल, टॉवर दूरदूर. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो, आणि तशा दिवसांत वीज आणि नेटचाही भरवसा नसतो. थिन क्लायंटचा खोका लाइनशिवाय कोरी पाटी असतो. तिथे दूरच्या सर्व्हरवर कुणाला बसवू नये. तिथल्या यंत्रावर तिथलंच सॉफ्टवेअर, तिथलीच माहिती, आणि लाइन आली की ती मुख्यालयाला धाडायची. ही जुनी पद्धतच बरी. कार्यालय मोठं असेल तर त्याच इमारतीत सर्व्हर ठेवून थिन क्लायंट करता येतील, पण मग सर्व्हर सांभाळणारा माणूसही तिथेच हवा.

खर्च करण्याआधीची चाचणी फुकट आहे. एका पेन ड्राइव्हवर लिनक्स घ्या, शाखेतला जुना खोका त्यावरून सुरू करा, डिस्कला हात लावू नका. मुख्य कार्यालयाकडे पिंग लावून ठेवा, आठवडाभर, कामाच्या वेळेत, जमल्यास पावसाळ्यात. पन्नास मिलिसेकंदांच्या आत उत्तर येत असेल तर कर्मचाऱ्याला फरक कळणार नाही. दीडशेपर्यंत तो कुरकुर करेल पण काम करेल. सरासरीपेक्षा दोन गोष्टी बघा: मध्येच हजारावर उडणारे आकडे किती, आणि परत न आलेली पाकिटं किती. शंभरातली दोन-तीन जरी हरवत असतील तर आधी लाइनवाल्याला बोलवा. सर्व्हरचं कोटेशन त्यानंतर मागवा.